रक्त तोलणारा काटा

माझ्या पांढऱ्या तबकात आधी वर्षानुवर्षे कापूस ठेवला गेला आणि नंतर रक्त. दोन्ही मी सारख्याच इमानाने तोलले, अपवाद फक्त एका दिवसाचा. मित्रांनो, त्या एका दिवसाची गोष्ट टाळली तर माझी कहाणी सांगण्यात अर्थ नाही. पण आधी मी कोण, कुठला, ते सांगतो.

मी दवाखान्यातला जुना वजनकाटा आहे. जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात, साल एकोणीसशे एकसष्ट. पोटात पोलादी स्प्रिंग, छातीवर घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर काळा काटा आणि डोक्यावर निळ्या काठाचे एनॅमलचे तबक. दोन किलोपर्यंतचे वजन मी पेलत असे आणि दर दहा ग्रॅमला माझ्या छातीवर एक रेघ होती. गवत भरलेल्या लाकडी खोक्यात बसून मी रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबादला आलो. स्टेशनवरून टांग्याने मला शहागंजच्या पलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेले. दगडी जिना, उंच छत, आवारात दोन कडुनिंब. पुढची पन्नास वर्षे तेच माझे घर झाले.

माझे पहिले धनी म्हणजे कोठीवाले फकिरामामू. निजामाच्या राज्यात पोरवयात ते दवाखान्याच्या कोठीवर लागले, तेव्हापासून ती सांभाळत होते. शेर, छटाक, तोळा यांवरच त्यांचा हात बसलेला. माझ्या तबकडीवर लिहिलेले 'ग्राम' त्यांनी चष्मा वर करून वाचले आणि म्हणाले, "ये क्या नया झमेला? ग्राम तो गाँव कू बोलते!" सगळी कोठी हसली. पण आठवडाभरात त्यांचा माझ्यावर जीव जडला. रोज सकाळी ते मला कोरड्या फडक्याने पुसत, तबक काढून धूत, आणि मगच कापसाचे गठ्ठे, बोरिक पावडर, तुरटी असले काहीबाही माझ्यावर तोलत. एकदा वॉर्डातला लहान मुलांचा काटा बिघडला, तेव्हा एका नर्सने सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी दुपट्यात गुंडाळून कोठीत आणली आणि माझ्या तबकात ठेवली. एक किलो चारशे ग्रॅम. तिचे हात हलले की माझा काटा थरथरायचा. फकिरामामूंनी श्वास रोखून धरला होता. ते दिवस आठवले की आजही बरे वाटते. ती मुलगी सोडली तर तेव्हा माझ्यावर कुणाच्या जिवाचा भार नव्हता.

मग एक्क्याण्णव साल आले आणि माझे आयुष्य बदलले.

अजिंठ्याच्या लक्ष्मीबाई नावाच्या एका बाईंचे मोठे ऑपरेशन झाले. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता. ऑपरेशन करणारे सर्जन डॉक्टर रामकिसन गाडेकर. तेव्हा ते तरुण होते, हात चपळ, बोलणे कमी. भूल देणाऱ्या डॉक्टर कुलसुम काझी. त्याही नव्याच, लेन्समधून पाहावे तसे प्रत्येक गोष्टीकडे रोखून पाहणाऱ्या. ऑपरेशन संपले तेव्हा गाडेकरांनी रक्ताच्या कापडी घड्या टाकलेल्या बादलीत नजर टाकली आणि सांगितले, "चारशे मिली गेलं असेल रक्त. ठीक आहे."

त्या काळी सगळीकडे तसेच चालायचे. रक्त टिपलेल्या कापडी घड्या बादलीत पडत, डॉक्टर बादलीत बघत आणि अंदाजाने आकडा सांगत. पण दुपारी लक्ष्मीबाईंचा रंग उतरला. नाडी पळू लागली. रक्ताच्या बाटलीसाठी धावाधाव झाली, बाटली आलीही, पण उशीर झाला होता. चार वाजता त्या गेल्या.

डॉक्टर काझी रडल्या नाहीत. त्या तडक कोठीत आल्या. त्यांच्यामागे हातात बादली घेऊन द्वारकाबाई उभी होती. द्वारकाबाई ऑपरेशन थेटरातली मावशी. फर्दापूरची. नवरा लवकर वारला, म्हणून पंचविसाव्या वर्षी कामाला लागलेली. हाडापेराने मजबूत, कपाळावर बारीक गोंदण.

"मामू, वो काटा देना," डॉक्टर काझी म्हणाल्या.

आता साठीला टेकलेल्या फकिरामामूंनी बादलीत पाहिले आणि माझ्यावरचा कापूस मुकाट्याने उचलला. एकेक घडी माझ्या तबकात आली. मी आजवर कधीच इतका ओला, इतका जड माल तोलला नव्हता. डॉक्टर काझींनी कोरड्या घडीचे वजन वजा केले, जमिनीवर पडलेल्या चादरीही तोलायला लावल्या आणि शेवटी कागदावरचा आकडा दोनदा तपासला. रक्ताचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. आकडा होता तेराशे.

चारशे नव्हे, तेराशे.

डॉक्टर गाडेकर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी तो कागद हातात घेतला. एकदा कागदाकडे, एकदा बादलीकडे पाहिले. मग एवढेच म्हणाले, "हा काटा उद्यापासून थेटरात ठेवा."

असा मी थेटरात आलो. फकिरामामूंनी निरोपाला मला खोबरेल तेलाचे दोन थेंब दिले आणि द्वारकाबाईला बजावले, "इसकू सुखा रखना बाई."

द्वारकाबाईने मला खरोखर जपले. मला भिंतीकडेला एक छोटे स्टूल मिळाले. माझ्या शेजारी सलाईनची एक सीलबंद बाटली असे. ती उघडायची नाही, असा डॉक्टर काझींचा दंडक होता. रोज सकाळी पहिल्या ऑपरेशनआधी द्वारकाबाई ती बाटली माझ्यावर ठेवी आणि माझा काटा बरोबर पाचशे चाळीसवर येतो का, ते पाही. आला की म्हणे, "चला, आज आपला गडी शाबूत हाय." मग पाच-पाच घड्यांची मोट बांधून ती माझ्यावर ठेवायची, कोरड्या घड्यांचे वजन वजा करायचे आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहायचा. दुसरी इयत्ता शिकलेली बाई, पण वजाबाकीत कधी चुकली नाही.

बारा-तेरा वर्षे हा संसार चालला. ऑपरेशनमध्ये कुणी जास्त बोलत नसे. काचेच्या कपाटात हत्यारे चमकत, बाहेर निंबावर कावळे ओरडत, आणि तास-दीड तासाने डॉक्टर काझींचा आवाज येई, "द्वारकाबाई, किती?" त्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचो. त्या वर्षांत मला एक गोष्ट उमगली. एखादी मोठी शीर कापली जाऊन रक्त गेले असे क्वचितच होई. शीर दिसते, बांधता येते. बहुतेक रक्त पाझरून जाई. जिथून गाठ सोडवली त्या साऱ्या जागेतून ते बारीक बारीक झिरपत राही, आणि ते बांधणार तरी कुठे?

दोन हजार चार सालचा मे महिना होता. कूलरमध्ये पाणी घालायलाही टँकरची वाट पाहावी लागे. तेव्हा पिशोरकडून आवडाबाई आल्या.

आवडाबाईंचे वय अठ्ठेचाळीस. मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. नवरा मुंजाबा. उंच, लाल पागोटे, बोलण्याआधी खाली बघायची सवय. आवडाबाईंना लक्ष्मीबाईंचाच आजार होता. गाठ अजून पसरली नव्हती, म्हणजे ऑपरेशन करण्याजोगी होती. पण आठ महिने अंगावरून जात राहिल्याने अंगात रक्त उरले नव्हते. तीन आठवडे गोळ्या-इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन कसेबसे दहावर आणले. आणि त्यांचा रक्तगट निघाला ओ निगेटिव्ह, क्वचित सापडणारा.

मे महिन्यात कॉलेजे बंद. रक्तदानाची शिबिरे बंद. रक्तपेढीत त्या गटाची एकच बाटली होती. मुंजाबाचे रक्त जुळले नाही, दोन भावांचेही नाही. गाडेकरांना निदान तीन बाटल्या हाताशी हव्या होत्या.

हे सगळे बोलणे थेटरातच, माझ्यासमोर झाले. हात धुता धुता गाडेकर म्हणाले, "एका बाटलीवर मी हात घालणार नाही. आणि महिनाभर थांबलो तर गाठ बाजूला पसरेल. मग हात घालूनही उपयोग नाही."

"एक औषध आहे," डॉक्टर काझी म्हणाल्या. "ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. दात काढताना, बायकांच्या जास्त जाण्यावर आपण ते देतोच. कापण्याआधी शिरेतून हळूहळू द्यायचं. रक्त पाझरणं कमी होतं."

"आणि पायात गुठळी झाली तर? कॅन्सरच्या पेशंटचं रक्त मुळातच गुठळ्या करतं. ती गुठळी छातीत गेली तर काय, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"नको. म्हणूनच मी तिचे पाय तपासले. सूज नाही, आधी कधी गुठळी नाही, मूत्रपिंडं चांगली आहेत. यातलं एक जरी बिघडलेलं असतं तर मी नावही काढलं नसतं." मग त्या थांबल्या. "सर, भीती मलाही आहे. पण दोन्हीकडे भीती आहे. कुठली मोठी, ते आपल्याला ठरवायचंय."

गाडेकर हात पुसून निघून गेले. जाता जाता म्हणाले, "तिला विचारा. सगळं सांगून विचारा."

द्वारकाबाई तोवर मला पुसत होती. तिने हळूच विचारले, "म्याडम, म्हंजे त्ये औषध रक्त घट्ट करतं का?"

"नाही. आपल्याला जखम झाली की रक्त तिथं जाळं विणतं, खपली धरते. पण शरीर ते जाळं लगेच विरघळवायलाही लागतं."

"म्हंजे खपली धरती, आन् आपलंच शरीर ती खरवडून काढतं?"

"बरोबर. हे औषध त्या खरवडणाऱ्याचा हात थोडा वेळ धरून ठेवतं. बस."

द्वारकाबाईने मान डोलावली. मीही तेव्हाच समजलो.

मुंजाबा आणि आवडाबाईंना थेटराच्या दारात बोलावले गेले. दार अर्धे उघडे होते. मुंजाबा म्हणाला, "डाक्टरीणबाई, आमाला वाचता येत नाय. कागदावर काय आसंल त्ये तोंडानं सांगा."

डॉक्टर काझींनी सांगितले. लपवले काही नाही. औषधाने रक्त कमी जाईल अशी आशा आहे, खात्री नाही. पायात गुठळी होण्याची भीती आहे, थोडी, पण आहे. आजार या औषधाने बरा होणार नाही. ते फक्त ऑपरेशन निभावायला मदत करील.

मुंजाबाने खाली पाहिले. "आता मी काय सांगू…" तो पुटपुटला.

"त्येंना काय इचारता?" आवडाबाई म्हणाल्या. "प्वाट माझं हाय. करा तुमी. मला लई काम पडलंय घरी."

डॉक्टर काझींना हसू आले. पण मी पाहिले, आवडाबाईंनी पदराचे टोक मुठीत इतके आवळले होते की बोटे पांढरी पडली होती.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. मित्रांनो, आता तो दिवस.

आदल्या दिवशी माझ्यावर सलाईन सांडले होते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. वरून ते पुसले गेले, पण तबकाखालच्या दांड्यापाशी थोडे राहिले आणि उन्हाळ्यात वाळून त्याची खारट पापडी झाली. ती सकाळच्या तपासणीत उघडकीला आली असती. पण त्या सकाळी तपासणी झालीच नाही. आवडाबाईंना आत आणले तेव्हा त्यांनी द्वारकाबाईचा हात धरला आणि भूल चढेपर्यंत सोडला नाही. "अक्का, जाऊ नगा," एवढेच त्या म्हणत होत्या. द्वारकाबाई थांबली. कोण थांबले नसते? हात सुटला तोवर पहिली घडी बादलीत पडली होती, आणि सलाईनची बाटली माझ्या शेजारी तशीच राहिली.

कापण्याआधी डॉक्टर काझींनी औषध दिले. घड्याळ लावून, दहा मिनिटांत, थेंब थेंब. काम सुरू झाले. तासाने विचारणा झाली, "द्वारकाबाई, किती?"

"येकशे धा."

दुसरी मोट आली. "येकशे वीस."

तिसरी आली. पुन्हा एकशे वीस.

गाडेकर मास्कच्या आड प्रसन्न झाल्याचे कळत होते. "काझी मॅडम, तुमचं औषध तर कमाल आहे. लक्ष्मीबाई आठवतात मला. आत्तापर्यंत सहाशेच्या पुढं गेलं असतं." त्या बाईंचे नाव तेरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकले.

आणि मी? मी खोटे सांगत होतो. माझ्या पोटातली स्प्रिंग खाली जायला बघत होती आणि त्या खारट पापडीने माझा दांडा धरून ठेवला होता. खरे वजन माझ्या डोक्यावर होते, पण काटा पुढे सरकत नव्हता. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. काट्याला एकच भाषा येते, आणि तीच माझी अडकली होती.

द्वारकाबाईने तिसरी मोट पुन्हा उचलली. हातात जोखली. खाली ठेवली. परत उचलली.

"म्याडम," ती म्हणाली, "मला ह्ये पटंना."

"काय?"

"हाताला जड लागू राह्यलं. काटा येकशे वीसच दावतो."

गाडेकरांनी मान वर न करता विचारले, "द्वारकाबाई, काट्यापेक्षा तुमचा हात खरा का?"

 एका मावशीने सर्जनला उलट बोलायचे, आणि तेही आनंदाच्या घडीला, ही सोपी गोष्ट नव्हती. पण द्वारकाबाई मागे हटली नाही.

"काट्याचं मला ठावं नाय साहेब. पर तेरा वर्सं झाली मी ह्येच उचलते. ह्ये येकशे वीस नाय."

डॉक्टर काझी म्हणाल्या, "बाटली ठेवा."

द्वारकाबाईने सलाईनची बाटली माझ्या तबकात ठेवली. पाचशे चाळीसवर यायचा माझा काटा तीनशे ऐंशीवर थांबला.

मी आयुष्यात कधी इतका शरमलो नव्हतो.

पुढचे सारे दोन-तीन मिनिटांत घडले. दुसऱ्या नर्सने गरम पाणी आणले, द्वारकाबाईने तबक काढून माझा दांडा धुतला, पापडी विरघळली, बाटली पुन्हा ठेवली. पाचशे चाळीस. मग आधीच्या मोटा परत आल्या. पहिली बरोबर होती. दुसरी एकशे सत्तर निघाली. तिसरी दोनशे ऐंशी.

"दोनशे दहा जास्त," डॉक्टर काझी शांतपणे म्हणाल्या. "आणि तिसरीत वाढतंय सर. पाझरण्याचं एवढं नसतं. कुठंतरी शीर उघडी आहे."

 गाडेकरांनी आतल्या घड्या एकेक करून काढल्या आणि दिवा खाली ओढायला सांगितला. ओटीपोटाच्या तळाशी, मागच्या अंगाला, एका घडीखाली दबून एक शीर गुपचूप वाहत होती. घडी तिचे रक्त पिऊन घेत होती, म्हणून वरून काही दिसत नव्हते.

"मिळाली," ते म्हणाले. आणि मग दोरा मागितला.

शीर बांधल्यावर आणखी दीड तास काम चालले. उरलेल्या मोटा आल्या. सत्तर. मग पन्नास. शीर बांधली गेली होती, आणि बाकीच्या जागेवरचे पाझरणे औषधाने खरोखर आवरून धरले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. औषधाने शीर बांधली नाही, ते त्याचे कामच नव्हते. आणि नुसती शीर बांधूनही एका बाटलीवर निभावले नसते. नळीने काचेच्या बाटलीत ओढून घेतलेले रक्त धरून शेवटी एकूण आकडा झाला सातशे साठ. अशा ऑपरेशनला आमच्याकडे बाराशे-तेराशे सहज जाई. ती एकच बाटली आवडाबाईंना चढवली, आणि ती पुरली.

हात धुताना गाडेकर द्वारकाबाईला म्हणाले, "मघाशी मी बोललो, ते मनावर घेऊ नका. यापुढं आकडा सांगायच्या आधी हाताला काय लागतं ते सांगत जा."

द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. "साहेब, सकाळी मी बाटली ठिवलीच न्हवती. माझीच चूक हाय."

"मीही विचारलं नाही," डॉक्टर काझी म्हणाल्या. "विचारणं माझं काम होतं."

त्या संध्याकाळी द्वारकाबाईने माझे तबक, दांडा, सांधे सगळे उघडून धुतले. कोरडे केले. "रुसू नको रे गड्या," ती म्हणाली. रुसायचा हक्क तिचा होता, माझा नव्हता.

पुढच्या दिवसांची खबर मला द्वारकाबाईच्या बोलण्यातून कळे. डॉक्टर काझी रोज दोनदा आवडाबाईंच्या पोटऱ्या दाबून पाहत, सूज आली का, दुखते का. दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईने त्यांना खांद्याला धरून व्हरांड्यात चालवले. "चाला बाई, पाय हलते ठिवा, रगत साकळाया नको." मुंजाबा कठड्याला टेकून बघत राहायचा आणि बायको चार पावले चालली की पागोटे काढून घाम पुसायचा. अकराव्या दिवशी आवडाबाई पायांनी चालत दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेल्या.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. डॉक्टर काझींनी घाई केली नाही. एका बाईवरून काही ठरत नाही, असे त्या म्हणत. ज्यांच्या पायाला सूज होती, ज्यांना पूर्वी गुठळी झाली होती, त्यांना त्यांनी औषध दिले नाही. कुणी कितीही म्हटले तरी नाही. बाकीच्यांना दिले आणि प्रत्येकीचा आकडा फळ्यावर लिहिला. काहींच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही, तोही आकडा त्यांनी तसाच लिहिला. तीन वर्षांनी बेरजा केल्या, तेव्हा पूर्वीच्या मानाने रक्त पाव हिश्शाने कमी जात होते. पुण्याला डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी ते मांडले आणि पडद्यावर माझा फोटो दाखवला. परत आल्यावर त्यांनी सांगितले की माझा फोटो पाहून सभागृह हसले, पण आकडे पाहून गप्प झाले. द्वारकाबाईने त्या दिवशी थेटरात सगळ्यांना पेढे वाटले.

पण यंत्रांचे दिवस फिरतात. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला. पांढरा, चपटा, लाल आकड्यांचा. कोरड्या घड्यांचे वजन तो आपोआप वजा करतो आणि एका ग्रॅमचाही फरक सांगतो. मला त्याचा हेवा वाटला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. द्वारकाबाई निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी ती फर्दापूरला जायच्या गडबडीत होती, तरी थेटरात आली, आणि माझ्याकडे नव्हे, त्या नव्या काट्याकडे गेली. नव्या मुलीला तिने सांगितले, "ह्येच्यावर बी रोज सकाळी बाटली ठिवत जा. नवा हाय म्हून सोडू नको." मला वाईट वाटले, पण क्षणभरच. मग वाटले, हेच तर बरोबर आहे.

मला बाहेरच्या तपासणीच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले गेले. पंख्याने केसपेपर उडतात म्हणून. माझी स्प्रिंग आता थकली आहे, काटा चाळीसच्या खाली येत नाही. तबकाच्या निळ्या काठाचे टवके उडाले आहेत. कुणी मला पुसत नाही. कुणाचा राग नाही. ज्याला त्याला आपले काम आहे.

तिथेच एका जुलैत आवडाबाई आल्या. ऑपरेशनला आठ वर्षे झाली होती. केस पांढरे, चाल मात्र ठणठणीत. दरवर्षीच्या तपासणीला त्या पिशोरहून एसटीने येत. माझ्याकडे त्यांची नजरही गेली नाही. त्यांना मी ठाऊकच नव्हतो, त्या झोपेत असताना आमची गाठ पडली होती. पण त्या दिवशी त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे शेजारीण दगडाबाई होती, दारातच अडलेली, पदर तोंडाशी धरून.

"सांग की," आवडाबाई म्हणाल्या. "बस हितं. सांग डाक्टरीणबाईला."

"मला काय झालं न्हाय," दगडाबाई पुटपुटली. "उगंच आणलं हिनं. जरासं जातं अंगावरून. त्येचं काय एवढं?"

"किती दिवस झाले?" टेबलामागच्या नव्या, तरुण डॉक्टरीणबाईने विचारले.

दगडाबाईने पदर तोंडावर आणखी ओढला. आवडाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी आठ म्हयने गप्प ऱ्हायले व्हते. घरात पाच मानसं, कुणी इचारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय. तू बोल."

बराच वेळ पंखा फिरत राहिला. माझ्याखालचे कागद फडफडत होते. मग दगडाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "दिवाळीपासून."

डॉक्टरीणबाईने लेखणी ठेवली, उठून दार लोटून घेतले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

मित्रांनो, मी रक्त तोलणारा. आकडा खरा असावा म्हणून मला धुवावे लागते, सुकवावे लागते, रोज तपासावे लागते. एक दिवस हे राहिले, तर एका बाईचा जीव जाता जाता वाचला. म्हणून तुमच्या घरातली, शाळेतली, कामावरची यंत्रे जपा. ती बोलत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यावर कुणीतरी विसंबलेले असते. आणि जी माणसे रोज हातांनी काम करतात, त्यांना काही वेगळे जाणवले तर त्यांचे ऐकून घ्या. अठरा वर्षांचे झालात की रक्त द्या, मे महिन्यात तर नक्की द्या.

पण सगळ्यात आधी आपल्या घरात बघा. तुमची आई, मावशी, आजी म्हणेल, "जरासंच आहे, काही नाही." जरासे म्हणजे किती, ते बाहेरून डोळ्यांना कळत नाही. मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, मोठमोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांनाही कळले नाही. म्हणून तिच्याजवळ बसा, दार लोटून घ्या, विचारा, "किती दिवसांपासून?" आणि ती उत्तर देईपर्यंत उठू नका.